घड्याळ आधी, गळ नंतर

यवतमाळकराचं आणि अरबी समुद्राचं तसं काही नातं नाही. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर! पण जॉबसाठी पुण्या-मुंबईत सेटल झालात की कोकण एका रात्रीच्या ड्राइव्हवर येतं. त्यात हवा भरायची कयाक घडी करून डिकीत मावते. पंप मारा, वल्हं जोडा, गळ घ्या, खाडीत उतरा. वीकएण्ड सॉर्टेड!

थांबा बॉस. बेंबळा, अरुणावती किंवा पूस धरणावर गळ टाकून मोठे झालेल्यांसाठी इथे एक मोठा लोचा आहे. आपल्या धरणातलं पाणी उतरायला अख्खा उन्हाळा लागतो. खाडीतलं पाणी साधारण सव्वासहा तासांत उतरतं आणि तेवढ्याच वेळात परत चढतं. उतरताना ते समुद्राकडे धावतं. त्याच्यावर तरंगणारी तुमची हलकीफुलकी कयाकसुद्धा!

म्हणून खाडीतला पहिला फंडा : आधी पाण्याचं टाइमटेबल, मग मासा.

हे टाइमटेबल तुमच्या घरातल्या भिंतीवरच आहे. कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. किनाऱ्यावरच्या माणसांचा हा जुना हिशेब. खाडीत आत जावं तशी वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताही बघून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्यामुळे जास्त जोरात पळतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढउतार कमी. नवशिक्यांनी सुट्टी टाकायची ती भांगाला. शिवाय पाणी सहाही तास एकाच स्पीडने जात नाही. सुरुवातीला आणि शेवटी ते रेंगाळतं. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच निघून जातं. त्या दोन तासांत प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं म्हणजे ट्रेडमिलवर चालणं. घाम भरपूर, प्रगती शून्य.

मालवणजवळच्या कर्ली खाडीचं उदाहरण घ्या. देवबागची चिंचोळी पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी घेऊन उभी आहे. एकादशीला सकाळी साडेसहाला, मुखापासून बऱ्याच आतल्या धक्क्यावरून निघा. चढती भरती तुम्हाला फुकटात वर नेते. सव्वाआठनंतर पाणी थबकतं आणि मग उतरू लागतं. खरी मजा तेव्हाच. कांदळवनातल्या छोट्या ओहोळांतून बोय आणि कोळंबी बाहेर पडू लागतात आणि तोंडाशी जिताडा, तांबोशी दबा धरून असतात. गळ तिथेच टाकायचा. मग उतरत्या पाण्यावर आरामात परत. अकराच्या आत धक्क्यावर!

अकराच का? दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. खाली पाणी पश्चिमेला आणि वर वारा पूर्वेला, अशी टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. मुखाशी तर फारच. तिकडे भलताभलता मासा असला तरी जायचं नाही. पावसाळ्यात तर खाडीचं नावच काढायचं नाही.

आता कयाकबद्दल. हवेचे कप्पे एकापेक्षा जास्त असलेलीच घ्या. धक्क्याच्या खडकांवर चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि शिंगाळ्याचा काटा आरपार जातो. उन्हात हवा फुगते, म्हणून पंप जरा हात राखून मारा. नांगर टाकलाच तर दोर पुढच्या किंवा मागच्या टोकाला, एका झटक्यात सुटेल असा. आडवा बांधला की प्रवाह कयाक उलटवतो. लाइफ जॅकेट अंगात, मांडीखाली नाही. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये. आणि कधी परतणार ते काठावरच्या माणसाला सांगून जा.

जागाही बघून निवडा. ठाण्याच्या खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. तिथे हौशी गळ नको. बाकी ठिकाणी स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. त्यांची ती रोजीरोटी आहे, आपला संडे. धक्क्यावर कुणा काकांना ‘सुकती कधी लागते?’ एवढं विचारलंत तरी हमखास खरी माहिती मिळते. सुकती म्हणजे ओहोटी.

आणि प्रॅक्टिस? ती मात्र गावीच. दिवाळीत घरी याल तेव्हा एखाद्या धरणावर, रीतसर परवानगी काढून, काठाजवळ कयाक मुद्दाम उलटी करा आणि पाण्यातून परत चढून बघा. धरणांतल्या मासेमारीचा हक्क बहुतेकदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांनाही विचारा. दहा वेळा चढता आलं की खाडीच्या वाटेला जा. धरणातलं पाणी तुमची वाट बघतं. खाडीतलं बघत नाही.