उसनवारीची मोटार

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या गावच्या घरापुढे, लिंबाच्या सावलीला, आपल्याच नावावर नोंदलेली एक मोटार उभी असते; वर्षातले तीन आठवडे ती आपण चालवतो आणि उरलेले वर्षभर गाव चालवते. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात आमच्या घरी तिची किल्ली ओसरीतल्या खुंटीला असते, आणि "तात्या, गाडी नेऊ का?" एवढे माझ्या वडिलांना विचारले की ती मागणाऱ्याच्या हाती पडते.

अशी गाडी कुलपात ठेवावी, कोणासही देऊ नये, असे मत आपल्या मंडळातील काही स्नेही मांडतात. ते मला मान्य नाही. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला रेल्वेचे दर्शन घडण्यास २०२५ सालचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला, जेथे रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयापर्यंत नेण्यास शेजाऱ्याचीच गाडी धावून येते, तेथे किल्ली नाकारणे हे माणुसकीला सोडून होईल. माझा आक्षेप गाडी देण्याला नाही. काहीही न पाहता, न विचारता देण्याला आहे.

आपल्यातील इंग्लंडवासीयांची समजूत अशी की पॉलिसीत ज्याचे नाव नाही त्याने गाडी चालवली की विमा संपला, कारण तिकडे नावे घातलेल्या चालकांपुरतेच संरक्षण देण्याचा रिवाज आहे. भारतात तसे नाही. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत, मालकाच्या संमतीने गाडी हाकणारी आणि वैध परवाना बाळगणारी कोणतीही व्यक्ती चालक म्हणून मान्य असते. तिच्या हातून रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा जीव गेला, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्याच्या वारसांना भरपाई देतो, आणि पॅकेज पॉलिसी असल्यास मोटारीच्या दुरुस्तीचीही सोय होते. (मित्राने सीटा भरून पुण्याचे भाडे मारले, तर मात्र गोष्ट निराळी, खासगी पॉलिसीला भाडोत्री वापर चालत नाही.) एवढ्यावरून "विमा आहे, मग चिंता कसली" असा निष्कर्ष काढला जातो आणि तेथेच घात होतो, कारण या व्यवस्थेत परक्याची तरतूद आहे, पत्र्याची आहे, परंतु ज्याच्यावरील लोभापोटी आपण किल्ली दिली, त्या मित्राची जवळजवळ नाही.

२००० सालच्या एप्रिल महिन्यात कर्नाटकातील इलकलहून, म्हणजे ज्या गावाने आपल्या आज्यांना इरकली लुगडी नेसवली तेथून, एक गृहस्थ दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाले असता, पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी एकाएकी थांबली आणि तिच्यावर आदळून त्यांचा अंत झाला. त्या प्रकरणी २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, आणि मालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडे तिऱ्हाईत म्हणून दाद मागता येत नाही. सबब कोणाचा दोष सिद्ध न करता भरपाई देणारे तेव्हाचे कलम १६३ अ त्यांच्या पत्नीच्या कामी आले नाही. २०२० साली राजस्थानातील एका प्रकरणातही हाच न्याय लावला गेला: धडकलेल्या दुसऱ्या वाहनावर वारसांनी दावाच केलेला नव्हता, आणि उसन्या गाडीच्या पॉलिसीतून त्यांच्या पदरी वैयक्तिक अपघाताचे अवघे एक लाख रुपये पडले. मालक-चालकासाठीची ही रक्कम २०१८ पासून पंधरा लाख झाली आहे खरी, परंतु तिची अटच अशी की चालवणारा हा स्वतः नोंदणीकृत मालक असावा.

परवान्याची गोष्ट याहून कठोर आहे. चालकापाशी परवाना नसल्यास, कंपनीने तिऱ्हाइताला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पक्की केली. आणि कलम १७४ अन्वये ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. ज्या सातबाऱ्यावरील आपले नाव आपण समुद्रापार राहूनही जिव्हाळ्याने जपले, त्यावरच हा बोजा यावयाचा! मात्र त्याच निर्णयात असेही म्हटले आहे की, कंपनीने मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध केला पाहिजे. ज्याने वाजवी काळजी घेतली, त्याला हा भुर्दंड नाही. म्हणजे "लायसन दाखव" असे म्हणण्यात मित्राचा अवमान नसून, न्यायालयाला अपेक्षित असलेली दक्षता आहे. अठरा वर्षांखालील पुतण्याच्या हाती तर किल्ली मुळीच देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होतो.

तेव्हा या दिवाळीला गावी जाल त्या वेळी पॉलिसीची मुदत आणि तिच्यावरचे नाव डोळ्यांनी पाहा, आणि गाडी नेहमी नेणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र अपघात विमा उतरवा. बँकेतील प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता वीस रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात; रक्कम अपुरी आहे, म्हणून ऐपत असेल त्याने मोठी पॉलिसी घ्यावी. आमच्या खुंटीशेजारी आता एक वही टांगलेली आहे. तिच्यात गाडी नेणाऱ्या सात जणांच्या परवान्यांच्या प्रती चिकटवल्या आहेत, आणि त्या सातही जणांचा हप्ता भरलेला आहे.