विश्लेषण : जलपर्णी काढायची, पण पक्ष्यांसाठी ठेवायचे काय?

हिवाळा तोंडावर आला, की राज्यातल्या धरणांवर आणि तलावांवर दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक, यंदा पाहुणे पक्षी किती आले? आणि दोन, जलपर्णी कधी काढणार? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. तरीही एकाचे उत्तर वन विभागाकडे मागितले जाते, तर दुसऱ्याचे महापालिकेकडे किंवा जलसंपदा विभागाकडे. पाण्यातल्या वनस्पतींचे व्यवस्थापन म्हणजे नेमके काय, ते कधी आणि किती करायचे, आणि ‘तलाव स्वच्छ केला’ एवढ्यावर समाधान मानणे का चुकीचे आहे, याविषयी...

पाण्यातली प्रत्येक वनस्पती वाईट असते का?

नाही. पाणवनस्पतींचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. हायड्रिलासारख्या काही वनस्पती पाण्याखाली वाढतात. कमळासारख्या काहींची मुळे तळाशी आणि पाने पृष्ठभागावर असतात. पाणकणीस, लव्हाळे काठावरच्या उथळ पाण्यात उभे राहतात. वारकरी, गडवाल यांसारखे पक्षी पाण्याखालच्या वनस्पतींवर चरतात. तलवार बदक बिया आणि किडे टिपते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या आडोशाला घरटे बांधते, तर कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. म्हणजे वनस्पती हेच या पक्ष्यांचे ताट आणि तेच घर.

मग जलपर्णीचेच वावडे का?

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली आणि तिथून देशभर पसरली. तिच्या उपद्रवामुळे बंगालमध्ये 1936 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. अनुकूल वातावरणात तिचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिची चादर पसरली, की खाली प्रकाश पोहोचत नाही. पाण्याखालच्या वनस्पती मरतात, विरघळलेला प्राणवायू घटतो, मासे कमी होतात. बुडी मारणाऱ्या बदकांना उतरायला मोकळे पाणीच उरत नाही. चादरीवर काही पाणकोंबड्या आणि बगळे दिसतात, त्यामुळे ‘पक्षी तर आहेत’ असा समज होतो. पण ते बहुतेक स्थानिक असतात. दूरवरून येणारी बदके अशा पाण्यावर फिरकत नाहीत.

सगळेच काढून टाकले तर?

या प्रश्नाचे उत्तर राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाने वेगळ्या मार्गाने दिले आहे. तिथे काढणे थांबवल्याने काय होते, ते दिसले. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला बंदी झाली. त्यावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदीमागचा हेतू पक्ष्यांच्या भल्याचा होता. मात्र म्हशी जे गवत खात होत्या, ते ‘पास्पालम’ नावाचे पाणगवत नंतर बेसुमार वाढले आणि मोकळे पाणी आक्रसले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1980च्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासातून चराईबंदीचा हा दुष्परिणाम पुढे आला. नंतर आसपासच्या गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली.

दुसरे टोकही तितकेच घातक आहे. सगळी झुडपे, सगळे पाणकणीस उपसून तलाव आरशासारखा केला, तर पक्ष्यांना ना खाद्य उरते ना आडोसा. अमेरिका आणि कॅनडातील दलदलींवर झालेल्या अभ्यासांत साधारण निम्मे मोकळे पाणी आणि निम्मी उभी वनस्पती, तीही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली, अशी रचना बदकांना सर्वाधिक मानवल्याचे आढळले. हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही. पण तत्त्व तेच आहे : पक्ष्यांना स्वच्छता नको, विविधता हवी.

महाराष्ट्रात अडचण कुठे आहे?

नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर हे बोलके उदाहरण. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. 1986 मध्ये अभयारण्य झाले. पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मानही त्याला मिळाला. 2020 च्या सुरुवातीला त्याची घोषणा झाली.

आता कारभार पाहा. पक्षी वन विभागाचे. पाण्याची पातळी जलसंपदा विभागाची, कारण इथूनच गोदावरीचे डावे आणि उजवे कालवे निघतात. जलपर्णीला खतपाणी घालणारे नत्र आणि स्फुरद येते वरच्या शहरांच्या सांडपाण्यातून आणि शेतांतून. ते वन विभागाच्या हातात नाही. उजनीचीही तीच कथा. पुणे परिसराचे पाणी भीमेच्या खोऱ्यातून तिथे जाते आणि भिगवणला पक्षी पाहायला गर्दी होते.

कायद्यातही फट आहे. 2017 च्या पाणथळ जागा नियमांतून नदीपात्रे आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. महाराष्ट्रात बदकांचे मोठे थवे उतरतात ते प्रामुख्याने अशाच जलाशयांवर.

काढण्याचा योग्य मार्ग कोणता?

यंत्राने किंवा हाताने काढणे हा सर्वात सुरक्षित उपाय; पण काढलेला ढीग काठावरच टाकला, तर पहिल्या पावसात त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात. ढीग दूर नेऊन त्याचे कंपोस्ट करणे हा कामाचाच भाग मानायला हवा. तणनाशक फवारले, तर मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते आणि प्राणवायू आणखी घटतो. शिवाय ते पाणी माणसेही पितात. जलपर्णी खाणारे भुंगे भारतात 1980च्या दशकात सोडले गेले. त्यांचा उपयोग होतो, पण परिणाम दिसायला वर्षे लागतात.

वेळही महत्त्वाची. ऑक्टोबर ते मार्च स्थलांतरितांचा काळ. पावसाळ्यात कमळपक्षी, पाणकोंबड्या अंड्यांवर असतात. उरतात एप्रिल आणि मे. पण तेव्हा उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय घरटी करतो. म्हणून यंत्रे बेटांपासून लांब ठेवून, टप्प्याटप्प्याने आणि काही पट्टे राखून काम करावे लागते. निविदेत हे लिहिलेले नसेल, तर ठेकेदाराकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

मग करायचे काय?

ओडिशाचे चिलिका सरोवर दिशा दाखवते. गाळ आणि पाणवनस्पतींनी ग्रासल्यामुळे ते 1993 मध्ये धोक्यातील रामसर स्थळांच्या नोंदीत गेले होते. तिथे नुसती झाडे उपसली नाहीत. 2000 मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले, खारेपणा परतला, तणांचा विळखा सैल झाला आणि 2002 मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर आले. धडा एकच : रोग ओळखून इलाज केला.

आपल्याकडे रोग सांडपाण्याचा आहे आणि इलाज मात्र दरवर्षी उपशाचा चालतो. जलपर्णी काढण्याच्या ठेक्याचे यश किती टन काढले यावर मोजले जाते. ते पुढच्या हिवाळ्यात किती मोकळे पाणी उरले, पाण्याखालची वनस्पती परतली का आणि बदके उतरली का, यावर मोजायला हवे. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या जलाशयाचा एकच आराखडा हवा आणि त्यावर वन, जलसंपदा आणि वरच्या शहराची महापालिका या तिघांची सही हवी. मच्छीमार आणि काठावरचे शेतकरीही त्यात असावेत. पाणी रोज पाहणारे तेच आहेत. सांडपाणी प्रक्रियेविना सुटत राहील, तोवर उपशाचा खर्च म्हणजे तळ फुटलेल्या रांजणात पाणी ओतणे आहे.