चिप बनवणारं हे रसायन अंगावर सांडलं तर?

गुजरातमध्ये धोलेराला टाटांचा चिप कारखाना उभा राहतोय. चर्चा फक्त नॅनोमीटर आणि नोकऱ्यांची. पण चिपवर प्रकाशाने उमटवलेलं डिझाइन डेव्हलप करायला टीएमएएच नावाचं अल्कली वापरतात, त्याचं काय?

साधारणपणे पीएच ११.५ किंवा त्याहून जास्त असला, की रसायन त्वचा-डोळे जाळणारं धरतात. डोळ्यात तर अल्कली ॲसिडपेक्षा खोल शिरतं. टीएमएएचचा धोका मात्र भाजण्यावर थांबत नाही. ते त्वचेतून रक्तात जाऊन श्वासाचे स्नायू लुळे पाडू शकतं. जानेवारी २०२१ मध्ये दक्षिण कोरियात, पाजूच्या एलजी डिस्प्ले कारखान्यात त्याच्या गळतीने कामगार गंभीर जखमी झाले.

त्यामुळे नुसतं ‘करोझिव्ह’ लेबल पुरेसं नाही. नव्या फॅबला विचारायचा प्रश्न साधा आहे: इमर्जन्सी शॉवर किती पावलांवर आहे?