थांबण्याच्या सोळा मात्रा

पक्षाघातावरील मागील लेखानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच होता. रुग्ण घरी परतला, हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा गेली ती परत येत नाही. आता घरच्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला वैद्यकीय पुस्तकांत जेवढे मिळाले, त्याहून अधिक माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मिळाले. म्हणून आज थोडे आडवळण घेते.

मिरज हे इस्पितळांचे गाव आणि तंबोऱ्यांचेही. अब्दुल करीम खाँसाहेब येथे स्थायिक झाले होते, आणि दर्ग्याच्या उरुसात अजूनही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. अशा गावात गाण्याची शिकवणी ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई गेली चाळीस वर्षे दोन खोल्यांच्या घरात मुलांना गाणे शिकवतात. वय ७१, दारावर पाटी नाही, एका वेळी पाचांहून अधिक मुले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरणे जड जाते, तेव्हा महिन्यातून एकदा रक्तदाब पाहायला मीच वर जाते. वर्ग चालू असला तर बाई हातानेच ‘बसा’ अशी खूण करतात. डॉक्टर आल्या म्हणून मुलांच्या वेळातली पाच मिनिटे कापली जावीत, हे त्यांना मान्य नाही. सुरुवातीला मला याचा थोडा रागच येत असे. पुढे त्या अर्ध्या तासाची मी वाट पाहू लागले.

मुले येतात, सतरंजीवर बसतात आणि प्रथम काहीच करत नाहीत. तंबोरा वाजत असतो आणि पाच मिनिटे तो फक्त ऐकायचा असतो. मग एकेकाने आपला षड्ज लावायचा. ‘तुझा सा कुठे आहे?’ असे बाई विचारतात. ‘सा कुठला?’ असे कधी विचारत नाहीत. ज्याच्या गळ्याला जी पट्टी सोसेल ती त्याची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की त्या त्याची पट्टी खाली आणतात, तार सप्तक काही महिने बंद करतात आणि त्याला बहुतांशी तालाच्या कामाला लावतात. त्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढत असते आणि ताणून गायल्यास आवाज बसतो. कित्येक पालकांना हे मी दवाखान्यात समजावून सांगितले आहे. बाईंनी ते शरीरशास्त्र न वाचता ओळखले आहे.

एखाद्याचा स्वर चुकला तर ‘चुकले’ हा शब्द त्या घरात उच्चारला जात नाही. बाई तीच ओळ पुन्हा गातात आणि थांबतात. हे थांबणे मी नीट पाहिले आहे. बाईंचा उजवा हात मांडीवर त्रितालाच्या टाळ्या आणि खाली मोजत असतो. पूर्ण आवर्तन होईपर्यंत त्या मुलाला काहीही सांगत नाहीत. मध्य लयीत सोळा मात्रांना साधारण दहा-बारा सेकंद लागतात. शांत खोलीत तेवढा वेळ किती मोठा वाटतो, हे वाचकांनी घड्याळ लावून पाहावे. शेजारच्या मुलीला उत्तर येत असते, ती चुळबुळते. बाई तिच्याकडे नुसते पाहतात. बहुतेक वेळा बाराव्या-तेराव्या मात्रेला ते मूल आपण होऊन स्वर सापडवते. नाहीच सापडला तर बाई त्या ओळीचे दोन तुकडे करून पहिलाच तुकडा गातात.

प्रत्येक तासाचा आरंभ मुलाला पक्के येते त्याने, आणि शेवटही त्यानेच. नवे जे काही असेल ते मध्ये. घरी रोज दहा मिनिटांहून अधिक रियाझ नको. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला पहिली दोन वर्षे बसवायचे नाही. आणि पालकांसाठी एकच सक्त नियम: पाहुण्यांपुढे ‘गाऊन दाखव बघू’ असे म्हणायचे नाही. या नियमावरून बाईंनी एक शिकवणी सोडल्याचेही मला ठाऊक आहे.

जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत उभी केली, तिच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे. सगळी जपानी मुले अस्खलित जपानी बोलतात, मग गाणे का शिकू नयेत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. मूल मातृभाषा शिकते ते ऐकून, पुनःपुन्हा तेच म्हणून आणि घरच्यांच्या कौतुकाच्या आधाराने. संगीतही तसेच यावे, म्हणून त्यांनी आई-वडिलांनाच वर्गात बसवले. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पालक बसू देत हो, पण तोंड मिटून.”

आता मूळ विषयाकडे वळते.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक काका आहेत; एस.टी.मधून निवृत्त, वय ७६. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, दीड वर्षापूर्वी मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झाला. पहाटे तोंड वाकडे दिसले, पण पित्त असेल म्हणून दुपारपर्यंत घरीच थांबले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ निघून गेली होती. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. काकूंना समोरचा काय म्हणतो ते पुष्कळसे कळत होते, मनात काय सांगायचे तेही ठाऊक होते, परंतु शब्द ओठांवर येत नव्हता. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात अफेझिया म्हणतात. यात बुद्धी गेलेली नसते. हे वाक्य मी घरच्यांना पाच वेळा सांगते, कारण पाचव्या वेळी ते ऐकू येते.

“त्यांना बोलते ठेवा,” असा सल्ला मी दिला होता. एवढाच, अर्धवट. काकांनी तो तंतोतंत पाळला. महिनाभराने ते दोघे दवाखान्यात आले तेव्हा काकांनी टेबलावरचा पेला उचलला. “हे काय आहे? सांग डॉक्टरांना. पाणी. म्हण पाणी. पा... पा...” काकूंनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. घरी आलेला प्रत्येक नातेवाईक हेच करत होता. “मला ओळखलंत का? माझं नाव सांगा बघू.” मुलगा दुरुस्त करी, सून दुरुस्त करी, आणि तीन सेकंदांत शब्द आला नाही की कोणीतरी तो पुरवून टाकी. काकूंनी तोंड उघडणेच सोडून दिले होते. काका म्हणाले, “हिनं आता मनच घेतलं नाहीये, डॉक्टर.” त्या दिवशी मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

त्यांची नऊ वर्षांची नात वरच बाईंकडे शिकत होती. काका तिला सोडायला येत आणि तासभर जिन्यात वर्तमानपत्र वाचत बसत. मी बाईंची परवानगी घेतली आणि काकांना म्हटले, “काका, महिनाभर आत बसा. फक्त बाई काय करतात ते पाहा.” त्यांना ते चमत्कारिक वाटले असावे, पण बसले. तीन आठवड्यांनी माझ्याकडे येऊन म्हणाले, “बाई कुणाला काही शिकवतच नाहीत हो. नुसत्या थांबतात.”

मग आम्ही बसून घरासाठी काही गोष्टी ठरवल्या. काकूंशी बोलताना दूरदर्शन संच बंद. समोर बसून, नेहमीच्या आवाजात, छोटी वाक्ये. ओरडायचे नाही, कारण कान शाबूत आहेत. ‘काय हवे?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘चहा की दूध?’ असे विचारायचे आणि दोन्ही वस्तू दाखवायच्या. विचारल्यावर सोळा मात्रा मोजायच्या. चुकीचा शब्द आला तरी अर्थ कळला असेल तर पुढे जायचे. काकूंनी चष्म्याला ‘चमचा’ म्हटले आणि त्या चष्म्याकडे पाहत असल्या, तर चष्मा द्यायचा आणि आपण सहज म्हणायचे, ‘हा घे चष्मा.’ खूण, चित्र, मान हलवणे, सारे चालेल. पाहुण्यांच्या परीक्षा बंद. ही शेवटची अट सर्वांत अवघड ठरली. काकांच्या थोरल्या बहिणीने तर रुसून दोन महिने येणे टाकले.

येथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ‘आता त्या लहान मुलासारख्याच झाल्या आहेत’ हे वाक्य मी शुश्रूषा करणाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकते आणि ते मला मुळीच आवडत नाही. मुलांना शिकवण्याची रीत उपयोगी पडते म्हणून रुग्ण मूल होत नाही. काकूंनी चाळीस वर्षे संसार केला, दोन मुलांची लग्ने केली, भजनी मंडळाचे हिशेब ठेवले. त्यांच्याशी बोबडे बोलणे, त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे हा अपमान आहे, आणि तो त्यांना पूर्ण समजतो. बाईंच्या वर्गात मी पाहिले ते उलटच होते. तेथे आठ वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाचा मान मिळत असे.

गणपतीच्या दिवसांत निराळेच घडले. घरात आरती सुरू झाली आणि काकूंनी ती शब्दांसह, सुरात, अखेरपर्यंत म्हटली. घरातले सगळे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मोठ्या आशेने विचारले, “चहा हवा ना?” आणि काकूंच्या तोंडून काहीच निघाले नाही. काका धावत माझ्याकडे आले. “काल सगळं आलं, मग आज का नाही? मुद्दाम करते का ती?”

मुद्दाम नव्हे. बहुतेक माणसांत बोलण्याची मुख्य केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात, परंतु चाल, सूर यांत उजवा भागही मोठा वाटा उचलतो. वर्षानुवर्षे घोकलेली स्तोत्रे, आरत्या, वारांची नावे, एक ते दहा आकडे हे जणू एकसंध साचे असतात. ते बाहेर येतात. नवे वाक्य मात्र शब्दाशब्दाने जुळवावे लागते आणि नेमकी तीच जुळवणी मोडलेली असते. गाता आले म्हणून बोलता येईलच असे नाही, आणि बोलता येत नाही म्हणून गाणे ढोंग ठरत नाही. या दुव्याचा उपयोग करून अमेरिकेत बॉस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. नित्याचे छोटे वाक्य दोन सुरांत, लयीत म्हणायचे, डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर कमी करत ते वाक्य बोलण्याकडे आणायचे. ती सर्वांनाच लागू पडत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञाने रुग्णाची तपासणी करूनच ती ठरवावी. घरच्या घरी गाणी म्हणत बसणे म्हणजे उपचार नव्हे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग अधिक असतो, म्हणून तज्ज्ञाकडे लवकर जावे. मात्र त्यानंतर सुधारणा थांबते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

काकूंसाठी सांगलीतील एक तज्ज्ञ मिळाल्या. त्यांनी दिलेला सराव नात घेते, रोज दहा मिनिटे, कारण बाईंकडे दहाच असतात. आधी दोघी मिळून एक जुने भजन म्हणतात, मग ‘चहा हवा’, ‘दार लाव’, ‘दुखतंय’ अशी तीन वाक्ये, आणि शेवटी पुन्हा भजन. हा क्रम नातीने स्वतःच लावला. तिला कोणी सांगितला नव्हता. आजी अडली की ती आजीकडे न पाहता मांडीवर टाळ्या मोजते.

आज काकूंकडे ठरावीक असे चाळीसेक शब्द आहेत. उजवा हात फारसा सुधारलेला नाही. थकल्या की शब्द पुन्हा जातात, संध्याकाळी तर हमखास. काकांना त्या कधी कधी नातीच्या नावाने हाक मारतात. काका ‘ओ’ देतात. काकांनाही या दीड वर्षात साखरेची गोळी सुरू करावी लागली, झोप तुटते, आणि आता दर गुरुवारी दुपारी सून घरी थांबते तेव्हा ते तीन तास बाहेर जातात. ते कुठे जातात हे मी विचारलेले नाही.

गेल्या आठवड्यात दोघे तपासणीला आले होते. मी रक्तदाब घेतला आणि काकूंना विचारले, “काकू, झोप कशी लागते?” बाहेर बारा रुग्ण बसले होते. माझ्या तोंडात ‘बरी आहे ना?’ आलेच होते, तेवढ्यात काकांची बोटे गुडघ्यावर हलताना दिसली. मी पेन खाली ठेवले. आठ. नऊ. दहा.

“तुटक,” काकू म्हणाल्या.

मी तसे कागदावर लिहिले आणि रात्रीच्या गोळीची वेळ बदलून दिली.