चार भाषांचे वारसदार

सोलापूरच्या पूर्व भागातील विणकराचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईशी तेलुगूत बोलतो, शाळेत मराठीत उत्तरे लिहितो, कन्नड शेजाऱ्याला त्याच्याच भाषेत हाक मारतो आणि चौकात दखनीत थट्टामस्करी करतो. अशा मुलास 'तू नक्की कोणाचा?' असे विचारणारे आजही भेटतात. पुण्यामुंबईस गेल्यावर त्याच्या मराठीच्या हेलास हसणारेही भेटतात. या मुलाने खाली मान घालण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही.

हे नगर एका भाषेने घडविलेले नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत. येथील मागांवर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या पिढ्या राबल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची मातृभाषा कोणती, हे सोलापूरने कधी विचारले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट व सोलापूरच्या कन्नडभाषक भागावर हक्क सांगितला. घरात कन्नड बोलणारे पोर म्हणजे सीमेचा दगड नव्हे, हे तेव्हाच ठणकावून सांगावयास हवे होते.

खरी चिंता निराळीच आहे. यांतील कितीतरी मुलांना मातृभाषा बोलता येते. वाचता येत नाही. आजीने सांगितलेली गोष्ट कळते, पण तिच्या भाषेतील पुस्तक त्यांना मुके राहते. ज्या भाषेची अक्षरे ओळखीची नाहीत, ती दोन पिढ्यांत केवळ स्वयंपाकघरापुरती उरते.

राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झाले. परंतु भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेदही सांगतो. मराठी शाळाच पसंत करणाऱ्या तेलुगू व कन्नड घरांतील मुलांसाठी महापालिकेने व शिक्षणसंस्थांनी आठवड्यातून निदान दोन तास त्या लिपींसाठी राखून ठेवावेत, अशी आमची मागणी आहे. त्यात मराठीची हानी नाही. तेलुगू मातृभाषा असलेले कै. लक्ष्मीनारायण बोल्ली मराठीचे कवी झाले आणि त्यांनीच तेलुगू साहित्य मराठीत आणले. दोन्ही भाषा वाचता येत होत्या, म्हणूनच हे घडले. असे दुभाषी उद्याही हवे असतील, तर त्यांना अक्षरे आजच शिकविली पाहिजेत.