वृक्षरेषेवरची दोन उत्तरे

अलास्कापासून कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियापर्यंत पसरलेल्या सूचिपर्णी वनांत झाडांची वाढ वर्षातले जेमतेम दोन-तीन महिनेच चालते. उन्हाळा सुरू झाला की सालीखालच्या कँबियम या वाढीच्या थरातून मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार होतात. ऋतू सरत आला की पेशी लहान आणि जाड भिंतींच्या होतात. फिक्या आणि गडद लाकडाची ही जोडी म्हणजे एक वार्षिक वलय. वाढीला मुख्य अडसर थंडीचाच असेल, तर उबदार उन्हाळ्यात वलय रुंद होते आणि त्याच्या गडद भागाची घनता वाढते. पेरूमधल्या हुआयनापुतिना ज्वालामुखीच्या १६०० सालच्या उद्रेकानंतर १६०१चा उन्हाळा विलक्षण थंड गेला. उत्तरेकडच्या अनेक वृक्षांच्या त्या वर्षीच्या वलयात गडद लाकूड नीट तयारच झालेले नाही. तापमापके नव्हती तेव्हाच्या उन्हाळ्यांचा इतिहास अशाच नोंदींवर उभा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान आणि वलयांचा हा मेळ बिघडू लागला. गॉर्डन जेकोबी आणि रोझॅन डी'अरिगो यांनी १९९५ मध्ये अलास्कातल्या पांढऱ्या स्प्रूसच्या वाढीत हा बदल नोंदवला. कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उत्तर गोलार्धातल्या अनेक ठिकाणांच्या वलयमालिकांत तेच दाखवले. तापमान चढत होते. वलये मात्र त्या प्रमाणात रुंद किंवा घन होत नव्हती. ही 'डायव्हर्जन्स'ची, म्हणजे फारकतीची, समस्या प्राचीन तापमानाच्या पुनर्रचनेच्या वादात गाजली. वनशास्त्राच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न खुद्द झाडांचा आहे: वाढत्या उष्णतेत ही वने जोमाने वाढणार की खंगणार?

या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर अंतर्गत अलास्कातून आले. फेअरबँक्सच्या परिसरात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटरच पाणी मिळते. व्हॅलेरी बार्बर, ग्लेन जुडे आणि ब्रूस फिनी यांनी २००० साली दाखवले, की इथला सखल भागातला पांढरा स्प्रूस उष्ण उन्हाळ्यात कमी वाढतो. कारण पाण्याचे आहे. हवा तापली की पानांतून पाणी अधिक वेगाने खेचले जाते. झाड पर्णरंध्रे मिटून घेते; पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो आणि वलय अरुंद पडते. याची खूण लाकडात उरते. पर्णरंध्रे मिटलेली असताना पान जड कार्बन पूर्वीइतका वगळू शकत नाही, म्हणून त्या वर्षीच्या लाकडात कार्बन-१३चे प्रमाण थोडे अधिक भरते. केवळ रुंदी मोजली, तर अरुंद वलय थंडीचे की तहानेचे हे सांगता येत नाही. समस्थानिकांची जोड दिली की उलगडा होतो.

मार्टिन विल्मकिंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ब्रूक्स आणि अलास्का पर्वतरांगांतल्या तेरा ठिकाणच्या १,५५८ पांढऱ्या स्प्रूस झाडांचा अभ्यास मांडला. ही ठिकाणे वृक्षरेषेवरची, म्हणजे झाडे जिथवर तग धरतात त्या थंड सीमेवरची; तिथे उष्णतेचा फायदा निर्विवाद मानला जाई. प्रत्यक्षात ४० टक्के झाडांची वाढ आदल्या वर्षीच्या उष्ण जुलैनंतर घटली होती, तर ३६ टक्के झाडांना उबदार वसंत मानवला होता. परस्परविरोधी प्रतिसाद देणारी ही झाडे एकाच ठिकाणी शेजारी-शेजारीही उभी होती. अशा झाडांची एकच सरासरी मालिका काढली तर दोन्ही कल एकमेकांना पुसून टाकतात आणि तापमानाचा काही परिणामच नाही असे दिसते. सरासरी ही पुनर्रचनेची गरज असेल. वनाच्या भवितव्याबाबत ती दिशाभूल करते. झाडागणिक प्रतिसाद न तपासता काढलेला निष्कर्ष अपुराच मानला पाहिजे.

सगळा दोष तहानेवर टाकणेही चूक ठरेल. सायबेरियाच्या उत्तर भागात युजीन वागानोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बर्फाकडे बोट दाखवले: हिवाळ्यात बर्फ अधिक पडू लागला, तो उशिरा वितळू लागला, आणि कँबियम जागे होण्यास विलंब झाला. कुठे किडीने वाढ खुंटवली. शिवाय वयाबरोबर वलये अरुंद होतातच. तो कल काढून टाकण्यासाठी बसवलेली वक्ररेषा मालिकेच्या टोकाशी, म्हणजे नेमकी अलीकडच्या दशकांत, खरा बदलही गिळू शकते.

या फारकतीत मापनाच्या पद्धतीचा वाटा किती, हे फेनोस्कँडियात, म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या भागात, उघड झाले. येस्पर ब्यर्कलुंड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिथल्या १८८ जिवंत आणि मृत पाइन वृक्षांतल्या सुमारे पाच कोटी पेशींच्या भिंती मोजल्या. या पेशी-मापांचा अलीकडच्या तापमानाशी मेळ टिकून होता. सध्याचा उबदारपणा त्या भागातल्या मध्ययुगीन उबदारपणाहून जास्त असल्याचेही त्यातून स्पष्ट झाले. अर्थात, फेनोस्कँडियातला ओलसर पाइन आणि अलास्कातला कोरड्या जमिनीवरचा स्प्रूस यांना एका मापाने मोजता येत नाही.

खरी अडचण नमुन्यांच्या निवडीची आहे. आंतरराष्ट्रीय वलय-विदासंग्रहातल्या बहुतेक मालिका हवामानाचा संकेत ठळक मिळावा म्हणून मुद्दाम निवडलेल्या जागांवरच्या, जुन्या झाडांच्या आहेत. जुन्या हवामानाच्या पुनर्रचनेसाठी ही निवड योग्य. पण संपूर्ण वनाचा प्रतिसाद त्यातून वाचणे धोक्याचे. मार्टिन जिरार्डिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय वनगणनेतल्या भूखंडांवरचे गाभे, म्हणजे खोडांतून काढलेले लाकडाचे बारीक दंडाकार नमुने, वापरले. अर्धशतकाच्या तापमानवाढीने आणि वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने वनाची वाढ एकंदर उंचावल्याचे त्यांना आढळले नाही. भारतात सागाच्या वलयांवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत काम झाले आहे. तिथे संकेत मुख्यतः ओलाव्याचा असला, तरी निवडीचा हा प्रश्न तोच राहतो.

म्हणून वनाच्या आरोग्यासाठी गाभे काढताना मोठ्या, जुन्या खोडांबरोबर इतरांच्या सावलीत दबलेली आणि तरुण झाडेही घ्यावी लागतात. जिवंत खोडांबरोबर मृत खोडेही लागतात. दुष्काळाने मारलेल्या झाडांची साक्ष वाचलेल्यांच्या वलयांत नसते. प्रत्येक गाभ्यासोबत झाडाची उंची, उतार, मातीची खोली आणि जमीन कायम गोठलेली आहे का, ही नोंद हवी. उत्तरेकडच्या पुष्कळ मालिका विसाव्या शतकातच संपतात, त्यामुळे सर्वांत उष्ण वर्षे त्यांत नाहीत. त्या जागांवर पुन्हा जाऊन शक्य तिथे त्याच झाडांतून नवे गाभे काढणे, हे या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम आहे.