विश्लेषण : आकडे भारी, तरी सौदा का फसतो? आइस हॉकीतील ‘ट्रेड’ आणि डेटाच्या मर्यादा

२९ जून २०१६ रोजी दुपारी उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) दोन मोठे सौदे झाले. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने आपला लोकप्रिय बचावपटू पी. के. सुबन नॅशव्हिल प्रेडेटर्सला दिला आणि बदल्यात शे वेबरला घेतले. त्याच दुपारी एडमंटन ऑइलर्सने आक्रमक फळीतील टेलर हॉल न्यू जर्सी डेव्हिल्सला दिला आणि बदल्यात बचावपटू अॅडम लार्सन घेतला. दोन्ही सौदे एकास एक होते. प्रगत आकडेवारीच्या अभ्यासकांनी संध्याकाळ होण्याआधीच निकाल लावला : मॉन्ट्रियल आणि एडमंटन फसले. त्यानंतरच्या वर्षांनी हा निकाल काही अंशी खरा ठरवला आणि काही अंशी खोटा. संघबांधणीत डेटा कुठवर उपयोगी पडतो आणि कुठे थांबतो, हे समजून घेण्यासाठी हे सौदे आजही उत्तम उदाहरण आहेत.

हॉकीतील ‘ट्रेड’ म्हणजे काय?

ही हॉकी बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, म्हणजे ‘पक’. मैदानात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. एनएचएलमध्ये एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू किंवा पुढच्या ‘ड्राफ्ट’मधील निवडीचा हक्क घेऊ शकतो. करारात तशी खास अट नसेल, तर खेळाडूची परवानगीही लागत नाही. सुबनच्या करारातील अशी अट १ जुलै २०१६ पासून लागू होणार होती. त्याआधी दोन दिवस मॉन्ट्रियलने सौदा उरकला.

२००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कडक मर्यादा आहे. त्यामुळे श्रीमंत संघालाही पैसा ओतून चूक सुधारता येत नाही. सुबनचे वार्षिक मानधन ९० लाख डॉलर होते. वेबरचा वार्षिक भार सुमारे ७८.६ लाख डॉलर होता, पण त्याचा करार २०२६ पर्यंत होता. शिवाय तो सुबनपेक्षा जवळपास चार वर्षांनी मोठा. कागदावर हा व्यवहार तोट्याचा दिसणे साहजिक होते.

प्रगत आकडेवारी नेमके काय मोजते?

हॉकीत गोल कमी होतात. एक संघ सामन्यात साधारण ३० फटके गोलवर मारतो आणि त्यातून तीनच्या आसपास गोल होतात. इतक्या कमी घटनांवरून खेळाडू चांगला की नशीबवान, हे ओळखणे अवघड असते. म्हणून अभ्यासकांनी गोलऐवजी फटक्यांचे प्रयत्न मोजायला सुरुवात केली. गोलवर गेलेले, बाहेर गेलेले आणि मध्येच अडवले गेलेले असे सगळे प्रयत्न धरणाऱ्या मोजमापाला ‘कॉर्सी’ म्हणतात. बफेलो सेबर्सचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून हे नाव पडले.

समजा, एखादा खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने ५५ प्रयत्न केले आणि प्रतिस्पर्ध्याने ४५, तर त्याचा कॉर्सी ५५ टक्के. पुढची पायरी म्हणजे ‘अपेक्षित गोल’. फटका कुठून, कसा मारला यावरून गोल होण्याची शक्यता काढायची आणि त्या शक्यतांची बेरीज करायची. २०२१-२२ पासून पकमध्ये आणि खेळाडूंच्या जर्सीवर सेन्सर आले आणि डेटाचा ओघ आणखी वाढला.

आकडे कुठे बरोबर ठरले?

कोलोराडो अॅव्हलांचचे उदाहरण पाहा. २०१३-१४ मध्ये या संघाने ११२ गुण मिळवून आपला गट जिंकला. प्रशिक्षक पॅट्रिक रॉय वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. मात्र फटक्यांच्या हिशेबात हा संघ सतत मागे होता. गोलरक्षण आणि नेमबाजी, दोन्ही एकाच वर्षी कमालीची जमली होती. हे टिकणार नाही, असे आकडे पाहणारे तेव्हाच सांगत होते. पुढच्या हंगामात कोलोराडो ९० गुणांसह गटात तळाला गेला.

हॉलच्या बाबतीतही त्यांचा अंदाज अचूक होता. २०१८ मध्ये त्याने ९३ गुण (गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज) मिळवले आणि लीगमधील सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकली. न्यू जर्सी २०१२ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचले. ‘डोळ्यांना दिसते ते पुरेसे आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवायला हवीत.

मग सुबन-वेबर सौद्यात कोण जिंकले?

इथे उत्तर तुम्ही कोणत्या वर्षी विचारता त्यावर अवलंबून आहे. २०१७ मध्ये विचारले असते तर नॅशव्हिल. सुबनच्या पहिल्याच हंगामात हा संघ स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत गेला आणि पिट्सबर्गकडून हरला. २०१८ मध्ये सुबन सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस ट्रॉफीसाठी अंतिम तिघांत होता. पण पुढच्याच वर्षी दुखापतींनी त्याचा खेळ उतरला. नॅशव्हिलने जून २०१९ मध्ये त्याला न्यू जर्सीला देऊन टाकले. २०२२ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी तो निवृत्त झाला.

वयाने मोठा म्हणून ज्याच्याविषयी धोक्याचा इशारा दिला गेला, तो वेबर २०१८ मध्ये मॉन्ट्रियलचा कर्णधार झाला. २०२१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत पोहोचला, तिथे टँपा बेकडून हरला. मात्र ती मालिका त्याची शेवटची ठरली. दुखापतींमुळे तो पुन्हा खेळला नाही. म्हणजे वेबरचे शरीर करार संपेपर्यंत टिकणार नाही, ही भीतीही खरी निघाली.

दोन्ही संघ एकेकदा अंतिम फेरीत गेले, कप कुणालाच मिळाला नाही. वाढत्या वयाचा सर्वसाधारण आलेख मॉडेलला काढता येतो. त्या आलेखावर अमुक खेळाडूची पाठ कधी धरेल, हे त्याला सांगता येत नाही.

आकडे नेमके कुठे अडतात?

मूळ अडचण अशी : मॉडेल ज्या परिस्थितीतील डेटावर उभे असते, ती परिस्थितीच ट्रेडमुळे बदलते. हॉकीत खेळाडू साधारण ४० ते ५० सेकंद खेळून बाहेर येतो, पुन्हा आत जातो. त्याच्या प्रत्येक आकड्यात शेजारच्या चार जणांचा, समोरच्या पाच जणांचा आणि प्रशिक्षकाच्या आखणीचा वाटा असतो. ही मिसळण वेगळी काढण्याचा प्रयत्न मॉडेल करतात, पण नव्या संघात सगळे घटक एकदम बदलतात.

जुलै २०२२ मध्ये फ्लोरिडा पँथर्सने जॉनथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवड असे सगळे देऊन कॅलगरी फ्लेम्सकडून मॅथ्यू कचकला घेतले. आदल्या हंगामात ह्युबर्डोचे ११५ गुण होते, कचकचे १०४. कॅलगरीने ह्युबर्डोला लगेच आठ वर्षांचा ८.४ कोटी डॉलरचा करार दिला. पहिल्या हंगामात त्याचे गुण झाले ५५. खेळाडू तोच, पण सोबती वेगळे आणि खेळण्याची पद्धत वेगळी. फ्लोरिडाचे साखळीतील गुणही १२२ वरून ९२ वर आले, तरी त्याच वर्षी संघ अंतिम फेरीत गेला आणि २०२४ व २०२५ मध्ये सलग दोनदा स्टॅनली कप जिंकला.

उलट दिशेचे उदाहरण विल्यम कार्लसनचे. २०१६-१७ मध्ये कोलंबससाठी त्याने फक्त ६ गोल केले. पुढच्या वर्षी नव्या व्हेगास संघाकडून ४३. त्या वर्षी त्याच्या दर १०० फटक्यांमागे २३ गोलमध्ये गेले, हे टिकणारे नव्हते. त्यानंतरच्या हंगामात २४ गोल झाले. ४३ मध्ये नशीब होते हे आकड्यांनी बरोबर ओळखले. पण ६ गोलच्या खेळाडूत २४ गोलचा खेळाडू दडला आहे, हे त्याला पुरेसा वेळ आणि योग्य जोडीदार मिळेपर्यंत कोणत्याही तक्त्यात ठळक दिसत नव्हते.

‘डेटावाले विरुद्ध अनुभवी’ या भांडणात कोण हरते?

बहुतेकदा संघ. फ्लोरिडा पँथर्सनेच हे दाखवले आहे. २०१६ मध्ये गट जिंकल्यानंतर मालकांनी व्यवस्थापनात फेरबदल केले आणि आकडेवारीवर भर देणाऱ्यांच्या हाती सूत्रे गेली. माध्यमांनी त्यांना ‘कॉम्प्युटर बॉइज’ म्हणून हिणवले. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रशिक्षक जेरार्ड गॅलंट यांना हंगामाच्या मध्येच काढले गेले. संघ प्लेऑफला मुकला आणि एप्रिल २०१७ मध्ये जुन्या वळणाचे डेल टॅलन पुन्हा जनरल मॅनेजर झाले.

मात्र याच ‘कॉम्प्युटर बॉइज’च्या काळात जॉनथन मार्शसो हा फारसा नाव नसलेला खेळाडू वर्षाला अवघ्या साडेसात लाख डॉलरवर संघात आला होता. त्याने त्या हंगामात ३० गोल केले. जून २०१७ मध्ये व्हेगासचा नवा संघ बांधला जात असताना फ्लोरिडाने त्याला सोडून दिले आणि रायली स्मिथलाही ड्राफ्टमधील चौथ्या फेरीच्या निवडीवर देऊन टाकले. व्हेगासचे प्रशिक्षक कोण? तेच गॅलंट. पहिल्याच वर्षी व्हेगास अंतिम फेरीत पोहोचले. २०२३ च्या अंतिम फेरीत तर व्हेगासने फ्लोरिडालाच हरवले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मार्शसो.

डेटावाल्यांनी माणसे सांभाळण्यात घोळ घातला, अनुभवी मंडळींनी डेटाने शोधलेला हिरा फुकटात दिला. दोन्ही चुकांची किंमत एकाच संघाने मोजली.

खेळाडूच्या मनातले कोण मोजणार?

कॅरोलिना हरिकेन्सचे जनरल मॅनेजर एरिक टुल्स्की हे रसायनशास्त्रातील पीएचडीधारक. हॉकीच्या आकडेवारीवरील लेखनातून ते या क्षेत्रात आले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी कोलोराडोकडून मिको रँटानेन हा अव्वल खेळाडू मिळवला. हंगामाअखेर त्याचा करार संपत होता आणि तिथे दीर्घकाळ राहायला तो तयार झाला नाही. १३ सामन्यांनंतर, ७ मार्चला कॅरोलिनाने त्याला डॅलसला दिले. डॅलसने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. त्याच मोसमाच्या प्लेऑफमध्ये कोलोराडोविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याने शेवटच्या सत्रात तीन गोल ठोकले.

खेळाडूच्या दर्जाबद्दलचा टुल्स्की यांचा हिशेब चुकला नव्हता. कोणत्या शहरात राहायचे, कोणासोबत खेळायचे, हे माणूस ठरवतो. त्याचा रकाना तक्त्यात नसतो. टुल्स्की यांचे श्रेय एवढेच की अंदाज फसल्याचे दिसताच त्यांनी हट्ट धरला नाही. बदल्यात तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या निवडी घेऊन ते मोकळे झाले.

मग डेटा बाजूला ठेवायचा का?

अजिबात नाही. आकड्यांना मर्यादा आहेत, म्हणून ‘अनुभव’ आपोआप बरोबर ठरत नाही. ‘नेतृत्वगुण’, ‘ड्रेसिंग रूममधील वातावरण’, ‘स्वभाव’ या शब्दांना तर कसलेच मोजमाप नाही. त्यामुळे त्यांच्या आड आवडनिवड आणि पूर्वग्रहही लपू शकतात. सुबनच्या गोल साजरे करण्यावर, कपड्यांवर, मोकळ्या बोलण्यावर वर्षानुवर्षे टीका झाली. त्याच सुबनने २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मुलांच्या रुग्णालयासाठी एक कोटी डॉलर उभारण्याचा शब्द दिला होता. मग ‘चारित्र्य’ मोजायचे कशाने? आकडा चुकला तर तो तपासता येतो. ‘मला तसे वाटले’ हे तपासता येत नाही.

म्हणून सौदा करणाऱ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हा खेळाडू आतापर्यंत किती चांगला होता? याचे उत्तर आकड्यांकडून घ्यावे आणि ते आपल्या आवडीविरुद्ध असले तरी स्वीकारावे. तो आपल्याकडे, आपल्या जोडीदारांसोबत, आपल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली किती चांगला असेल? याचे उत्तर आकडे अर्धवटच देतात. उरलेले खेळाडूशी, प्रशिक्षकाशी बोलून शोधावे लागते, आणि निर्णय घेताना ती कारणे लिहून ठेवावी लागतात. तसे केले तर दोन वर्षांनी निकाल पाहून शहाणपण सांगणाऱ्यांनाही उत्तर देता येते.

आपल्याला याचा काय उपयोग?

आयपीएलमध्येही आता ट्रेड होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरात टायटन्सकडून परत आणले. गुजरातला एक विजेतेपद आणि एक अंतिम फेरी मिळवून देणारा अष्टपैलू कर्णधार, कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले गेले, वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली आणि २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. त्याच जूनमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकून भारताला जिंकून देणाराही हार्दिकच होता. दोन महिन्यांत त्याचे कौशल्य बदलले नव्हते, भोवतालचे सगळे बदलले होते.

पुढच्या लिलावाच्या वेळी स्ट्राइक रेट आणि इकॉनॉमीचे तक्ते मोबाइलवर फिरतील, तेव्हा ते जरूर वाचा. फक्त एक प्रश्न सोबत ठेवा : हे आकडे कोणत्या संघात, कोणत्या क्रमांकावर आणि कोणाच्या साथीने झाले आहेत?